आंजर्ल्याची विहीर आणि इन्सुलिनची कुपी

दापोली सोडून हर्णैच्या दिशेने निघाले, की बराच वेळ रस्ता सड्यावरून जातो आणि मग एकाएकी समुद्राकडे उतरू लागतो. हर्णै बंदर मागे टाकून पाजपंढरीच्या कडेने पुढे गेल्यावर जोग नदीची खाडी लागते. पूर्वी ती तरीतून ओलांडावी लागे. आता पूल झाला आहे. पुलापलीकडे आंजर्ले. मागे डोंगर, पुढे समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत नारळी-पोफळीची आगरे, असे हे गाव आहे. घरे आगरांच्या पोटात दडलेली, आणि रस्ता जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून इतका अरुंद, की समोरून गाडी आली तर कोणा एकाला मागे सरावेच लागते. डोंगरावर कड्यावरचा गणपती आहे. बाहेरचा माणूस वर जातो, देवळासमोर उभा राहून सुवर्णदुर्ग पाहतो, खाली येऊन मोदक खातो आणि संध्याकाळपर्यंत परततो.

मला या लेखात त्याच गावाचे २०२० सालातले काही महिने सांगायचे आहेत, आणि तेही एका मधुमेही वृद्धेच्या दिनक्रमाच्या अंगाने. मधुमेह हा शरीरातला आजार खरा. परंतु त्याची काळजी घेताना फ्रीज, रस्ता, औषधाचे दुकान, फोनची रेंज, पायाखालची जमीन आणि शेजारी अशा कितीतरी गोष्टींचा आधार लागत असतो. त्या एकेक करून काढून घेतल्या गेल्या, तेव्हा तो आधार केवढा होता हे आम्हाला कळले.

माझ्या सासूबाई तेव्हा ७८ वर्षांच्या होत्या. मधुमेह २२ वर्षांचा, त्यातली अखेरची ९ वर्षे इन्सुलिनवर. सकाळी १८ युनिट, रात्री १० युनिट. गावच्या घरी दीर आणि जाऊबाई त्यांच्यासोबत असतात. मी शिमग्याला म्हणून पुण्याहून आले होते. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागू झाली आणि मी तिथेच राहिले. यजमान पुण्यात अडकले.

सुरुवातीचे दोन महिने गावात विषाणूची भीती होती, विषाणू मात्र नव्हता. त्या काळात आमच्या घरात साखर वाढली ती आंब्यामुळे. वाशीचा बाजार नीट चालेना, वाहने मिळेनात, पेट्या भरून घरातच पडून राहिल्या. त्या वर्षी हापूस विकला गेला कमी आणि वाटला गेला जास्त. माजघरात अढी, तिचा वास घरभर, आणि दारात रोज कोणीतरी करंडी ठेवून जाणारे. सासूबाईंची सकाळची उपाशीपोटीची साखर १३० च्या आसपास असे, ती एप्रिलअखेरीस १९० वर गेली. आंबा सर्वस्वी बंद करावा असे मला वाटत नव्हते. ज्या बाईने आयुष्यभर आगर राखले, तिला वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आपल्याच कलमाचे फळ नाकारणे मला रुचेना. तेव्हा तह झाला. दुपारच्या जेवणातला अर्धी वाटी भात कमी करून त्याऐवजी दोन फोडी, त्याही चावून खायच्या. रस मुळीच नाही, कारण रसाच्या एका वाटीत किती आंबे जातात हे खाणाऱ्याला कळत नाही. रात्री आंबा नाही. हा तह त्यांनी बऱ्यापैकी पाळला. "अगं, दोन फोडींनी का तो करोना धावत येणार आहे?" असे मधूनमधून ऐकावे लागे, ते वेगळे.

त्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर येथे दिले पाहिजे, कारण त्या काळात याविषयी पुष्कळ गैरसमज होते. मधुमेह आहे म्हणून विषाणू शरीरात अधिक सहज शिरतो, असे म्हणायला फारसा आधार नव्हता. मात्र शिरल्यानंतर आजार गंभीर होण्याची शक्यता मधुमेही व्यक्तीत निश्चितच अधिक होती, आणि साखर दीर्घकाळ अनियंत्रित असेल तर आणखी अधिक. शरीरात संसर्ग झाला, की ताणाची संप्रेरके वाढतात आणि ती साखर चढवतात; चढलेली साखर रोगाशी लढणाऱ्या पेशींचे काम मंदावते. असे हे एकमेकांना खतपाणी घालणारे दुष्टचक्र आहे. म्हणूनच आजार दारात नसतानाही साखर आटोक्यात ठेवणे हीच त्या दिवसांतली तयारी होती.

चालणे हा दुसरा प्रश्न. देऊळ बंद, किनाऱ्यावर जायचे नाही. मग आगरातल्या पाटाच्या कडेने त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. विहिरीपासून मागच्या गडग्यापर्यंत आणि परत, सकाळी वीस, संध्याकाळी वीस. पोफळीच्या सावलीत ऊन लागत नाही आणि जमीन सपाट असते. शहरातल्या सदनिकेत कोंडलेल्या त्यांच्या वयाच्या माणसांच्या मानाने हे भाग्यच म्हणायचे.

३ जूनला ते आगर आडवे झाले.

निसर्ग चक्रीवादळ त्या दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आले. आंजर्ले तेथून दक्षिणेला फार दूर नाही. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने वाहणाऱ्या वाऱ्याचे वर्णन मी करणार नाही. ज्यांनी ते ऐकले त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांनी ऐकले नाही त्यांना सांगून कळणार नाही. संध्याकाळी दार उघडले तेव्हा मागच्या गडग्यापर्यंत सरळ नजर जात होती. तेवढी पोफळ गेली होती. पाखाडीवर माड आडवे पडले होते, कौले फुटून अंगणभर विखुरली होती, आणि विजेचे खांब वाकून तारा गडग्यांवर लोंबत होत्या. वीज गेली, पाठोपाठ फोनही मुका झाला. किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत वीज परत यायला आठवडेच्या आठवडे लागले. आमच्या आळीत ती तीन आठवड्यांनी आली.

फ्रीजमध्ये इन्सुलिनच्या चार न उघडलेल्या बाटल्या होत्या. एक उघडलेली वापरात होती.

प्रथम जो हिशेब केला तो वाचकांनीही एकदा आपल्या घरच्यासाठी करून ठेवावा. आपल्याकडे मिळणारी इन्सुलिनची साधी बाटली दहा मिलिलिटरची, दर मिलिलिटरला ४० युनिट, म्हणजे एकूण ४०० युनिट. सासूबाईंना दिवसाला २८ युनिट लागत. म्हणजे एक बाटली साधारण दोन आठवडे पुरते. आणि वापरात असलेली बाटली तापमान तीस अंशांच्या आत असेल तर फ्रीजबाहेरही साधारण चार आठवडे चांगली राहते. तेव्हा चालू बाटलीची चिंता नव्हती. चिंता होती ती साठ्याची. त्याला खरे तर दोन ते आठ अंश लागतात. ते आता मिळणार नव्हते. पण जितके तापमान कमी, तितके औषध टिकणार, हे उघड होते. उष्णतेने इन्सुलिन एका दिवसात नासत नाही, त्याची ताकद हळूहळू उतरते. अडचण अशी, की उतरलेली ताकद डोळ्यांना दिसत नाही.

मामंजी शाळामास्तर होते. त्यांनी पडवीत टांगलेला हवेचे तापमान दाखवणारा जुना तापमापक अजून शाबूत होता. तो घेऊन मी घरभर फिरले. दुपारी पडवीत ३२ अंश, माजघरात शेणाने सारवलेल्या जमिनीलगत ३०. मग जाऊबाईंनी मडक्यात मडके ठेवून मधल्या फटीत ओली वाळू भरली. ही युक्ती सर्वांना ठाऊक असते आणि आरोग्यविषयक लेखांतून ती वारंवार सांगितली जाते. अकोल्याला किंवा सोलापूरला, कोरड्या उन्हाळ्यात, ती उत्तम चालते. मडक्याच्या अंगातून पाझरलेले पाणी हवेत उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते, असे तिचे शास्त्र आहे. परंतु जूनमधल्या कोकणात जिथे अंगावरचा घाम सुकत नाही, तिथे मडक्याचा घाम तरी कसा सुकावा? आतले तापमान २८-२९ च्या खाली उतरेना. माजघरापेक्षा बरे, इतकेच. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी माठावर सर्व भिस्त ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत झाले.

विहीर दिरांना सुचली. आमची विहीर खोल आहे, जांभ्याने बांधलेली, आणि वरून सावली. तापमापक दोरीला बांधून आत सोडला आणि अर्ध्या तासाने वर काढला, तेव्हा तो २६ च्या थोडा वर होता. मग एक कडीचा स्टीलचा डबा घेतला. बाटल्या आधी कापसात, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डब्यात ठेवल्या आणि डबा नायलॉनच्या दोरीने पाण्याच्या हातभर वर लोंबता ठेवला. वीज नसल्याने पंप बंद होता, रहाटावरच पाणी काढावे लागे. म्हणून दोरी रहाटाच्या विरुद्ध बाजूच्या खुंटीला बांधली, की पोहऱ्याचा धक्का लागू नये. बाटलीवरचा कागद ओलाव्याने सुटला तर आत काय आहे आणि मुदत केव्हा संपते हे कळणार नाही, म्हणून चिकटपट्टीवर पेनने लिहून ती वरून लावली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू झाला आणि विहिरीचे पाणी वर येऊ लागले. तेव्हा रोज सकाळी दोरी किती आखडायची, हे पाहण्याचे काम दिरांच्या मागे लागले.

दोन बाटल्या विहिरीत ठेवल्या. उरलेल्या दोन, रस्ता मोकळा झाल्यावर, दापोलीला एका नातलगांकडे पाठवल्या. त्यांच्याकडे जनित्र होते. सगळा साठा एका ठिकाणी ठेवू नये, एवढा शहाणपणा आगर राखणाऱ्या घरात असतोच. शेजारचे एक गृहस्थ थर्मासमध्ये बर्फ घालून देतो म्हणाले. त्यांचा हेतू चांगला होता. पण इन्सुलिन बर्फाला थेट टेकून गोठले, तर ते पुन्हा वितळवूनही उपयोगाचे राहत नाही. उष्णतेने झालेले नुकसान हळू होते, गोठण्याने झालेले तत्काळ. बर्फ वापरायचाच असेल तर बाटलीभोवती कापडाच्या दोन-तीन घड्या हव्यात.

औषधाची ताकद शाबूत आहे की नाही, याचे उत्तर शेवटी वहीने दिले. सासूबाईंच्या मिश्र इन्सुलिनला मुळातच दुधी रंग असतो. तळहातांत हळुवार घोळवल्यावर ते एकसारखे दिसायला हवे. त्यात गुठळ्या दिसल्या किंवा काचेला पांढरा थर चिकटलेला दिसला, तर बाटली टाकून द्यायची. जे इन्सुलिन मुळात पाण्यासारखे स्वच्छ असते, ते गढूळ झाले तर तेही टाकायचे. आणि खाणेपिणे तेच, आजार काही नाही, तरीही तीन-चार दिवस साखर चढती राहिली, तर प्रथम बाटलीवर संशय घ्यायचा. ग्लुकोमीटरच्या पट्ट्याही मोजक्याच उरल्या होत्या. त्यामुळे रोज चार वेळा तपासण्याऐवजी एक दिवस उपाशीपोटी, दुसऱ्या दिवशी जेवणानंतर दोन तासांनी, असे डॉक्टरांच्या संमतीने ठरवले. पट्ट्यांच्या डबीचे झाकण लगेच बंद करावे लागते. पावसाळी हवेत उघडी राहिलेली पट्टी चुकीचा आकडा दाखवते आणि चुकीच्या आकड्यावर घेतलेले इन्सुलिन घात करू शकते.

दूरध्वनीचे काय झाले, ते सांगायचे राहिले. आठवड्याभराने कोणीतरी बातमी आणली, की कड्यावर, देवळाच्या अलीकडच्या वळणावर, रेंज पकडते. त्या वळणावर मग सकाळी गावातली निम्मी माणसे, तोंडाला रुमाल बांधून, हात उंच करून उभी. कोणी मुंबईच्या मुलाला खुशाली कळवतो आहे, कोणी पंचनाम्याची चौकशी करतो आहे, आणि मी पुण्याच्या डॉक्टरांना वहीतले आकडे मोठ्याने वाचून दाखवते आहे. साऱ्या आळीला सासूबाईंची साखर पाठ झाली होती. २५ मार्चलाच केंद्र सरकारने फोनवरून वैद्यकीय सल्ला देण्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली होती. त्यामुळे डॉक्टर मोबाइलवर औषधांची चिठ्ठी पाठवू शकत होते आणि दुकानदार ती मान्य करत होता.

या सोयीचा पहिला मोठा उपयोग पायासाठी झाला. कोकणातल्या घरात पायताण दारातच सुटते. सासूबाई जन्मभर अनवाणी वावरलेल्या. वादळानंतर मात्र अंगणात कौलांच्या कपच्या, पत्र्याचे खिळे, पोफळीच्या चिरफाळ्या. दीर्घकाळच्या मधुमेहाने तळपायाची संवेदना कमी झालेली असते, आणि ज्याला टोचल्याचे कळत नाही त्याला जखम झाल्याचेही कळत नाही. म्हणून रोज संध्याकाळी कोमट पाण्याने पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, विजेरीच्या उजेडात दोन्ही तळवे पाहायचे, असा नेम आम्ही ठेवला होता. पाणी कोमट आहे की कढत, हे मात्र माझ्या कोपराने ठरे, त्यांच्या पायाने नव्हे. ९ जूनच्या संध्याकाळी उजव्या टाचेशी कौलाची नखाएवढी कपची रुतलेली दिसली. त्यांना काहीच जाणवले नव्हते. "लागलंय कुठे? दुखत तर नाही," हेच त्यांचे म्हणणे, आणि तेच काळजीचे कारण.

उकळून निववलेल्या पाण्याने जखम धुतली आणि स्वच्छ कापडाची पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी कड्यावरून छायाचित्र पाठवले. डॉक्टरांनी प्रतिजैविक लिहून दिले; आरोग्य केंद्रात धनुर्वाताची सुई झाली. त्यांचा मुख्य हुकूम वेगळाच होता: त्या पायावर भार द्यायचा नाही. औषधाइतकेच विश्रांतीने अशी जखम भरते. पण ज्या बाईचे आगर आडवे पडले आहे तिला खाटेवर बसवून ठेवणे हे काम औषधोपचारापेक्षा अवघड होते. जाऊबाईंनी त्यांच्या पुढ्यात पडलेल्या सुपाऱ्यांचा ढीग आणून टाकला आणि सोलायला बसवले. अडीच आठवड्यांत जखम भरली. तेव्हापासून घरात वापरायला मऊ तळव्याची, टाचेशी बंद असलेली चप्पल आली. प्रारंभी ती देवघराच्या उंबऱ्यापाशी सोडली जाई. मग तिथे एक जाड सतरंजी कायमची अंथरली गेली.

जूनअखेरीस नव्या बाटल्या आणायच्या झाल्या, तेव्हा दापोलीच्या बाजारात नेहमीचे इन्सुलिन नव्हते. त्याच मिश्रणाचे, दुसऱ्या कंपनीचे, पेनमध्ये घालायचे काडतूस होते. दीर ते घेऊन आले. औषध तेच होते, पण पेनच्या काडतुसात दर मिलिलिटरला १०० युनिट असतात. आमच्याकडच्या लाल टोपणाच्या सिरिंजवरच्या खुणा ४० च्या हिशेबाच्या. त्या सिरिंजने काडतुसातले औषध १८ च्या खुणेपर्यंत ओढले असते, तर प्रत्यक्षात ४५ युनिट शरीरात गेले असते. अडीच पट. ७८ वर्षांच्या माणसाला एवढे इन्सुलिन रात्रीतून बेशुद्ध करू शकते. टाळेबंदीच्या काळात मिळेल ते औषध घेण्याची पाळी पुष्कळांवर आली आणि हा धोका त्यात दडलेला होता. काडतूस परत केले. पुढे पुण्याहून यजमानांनी पट्ट्या आणि बाटल्या पाठवल्या. टपाल खात्याने तेव्हा औषधांच्या पार्सलांना अग्रक्रम दिला होता, ही त्या वर्षातली आठवणीत राहिलेली चांगली गोष्ट. बाटली आणि सिरिंज यांवरचा आकडा एकच आहे ना, हे प्रत्येक खरेदीला पाहावे. लाल टोपण ४० साठी, नारिंगी १०० साठी.

गणपतीला, ऑगस्टमध्ये, चाकरमानी आले. शासनाने त्यांच्यासाठी दहा दिवसांच्या विलगीकरणाचा नियम केला होता. यजमान पडवीतल्या खोलीत दहा दिवस राहिले आणि आईशी अंगणातून बोलले. मोदकांची हकीकत सांगत नाही. एकाचे दोन झाले होते.

विषाणू घरात आला तो कोणाबरोबर, हे कधीच कळले नाही. सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली होती आणि आशाताई घरोघर फिरून ताप व प्राणवायू मोजत होत्या. महिनाअखेरीस एके सकाळी सासूबाईंची उपाशीपोटीची साखर २८० निघाली. ताप नाही, खोकला नाही, आदल्या रात्री नेहमीचेच जेवण. मुरलेल्या मधुमेहात, विशेषतः वृद्धांत, कारणावाचून चढलेली साखर हीच संसर्गाची पहिली खूण असू शकते, हे डॉक्टरांनी पूर्वी बजावले होते. आशाताईंना बोलावले. बसल्या जागी प्राणवायू ९५ होता. मग चालून पाहण्याची चाचणी केली. एरवी ती सहा मिनिटांची असते, साठीपुढच्यांना तीन मिनिटे पुरतात. पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन मिनिटे चालल्यावर आकडा ९१ झाला. मूळ आकड्यापासून तीनहून अधिक घट झाली, की थांबायचे नसते. त्याच दुपारी त्यांना दापोलीला नेले.

रुग्णालयात त्या अकरा दिवस होत्या. सोबत कोणालाही राहता येत नव्हते. या गोष्टीचा धसका मला आधीपासून होता, आणि म्हणून एक पुठ्ठा तयार ठेवला होता. त्यावर ठळक अक्षरांत नाव, वय, मधुमेह किती वर्षे, कोणते इन्सुलिन किती, इतर गोळ्या, मूत्रपिंडाच्या तपासणीचा शेवटचा आकडा, डाव्या कानाने ऐकू येत नाही, आणि साखर उतरली की यांना घाम येत नाही, या असंबद्ध बोलू लागतात, असे सारे लिहिले होते. तो पुठ्ठा खाटेच्या डोक्याशी बांधला गेला. शेवटच्या ओळीचा उपयोग झाला, असे एका परिचारिकेने नंतर सांगितले. वृद्ध माणूस बरळू लागला तर वयामुळे म्हणून सोडून देण्याचा संभव असतो. त्या रात्री मात्र त्यांनी आधी बोटातून साखर तपासली.

प्राणवायू लागत असल्याने त्यांना स्टेरॉइड द्यावे लागले. २०२० च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचे निष्कर्ष आले होते आणि प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे प्राण डेक्सामेथासोनने वाचतात, हे स्पष्ट झाले होते. त्याच औषधाने साखर मात्र उसळते, विशेषतः दुपारनंतर. सासूबाईंची ४०० च्या पुढे गेली. दिवसातून चार वेळा इन्सुलिन द्यावे लागले. घरी सोडताना स्टेरॉइड बंद झाले होते, आणि म्हणून वाढवलेले इन्सुलिनही झपाट्याने उतरवायला हवे होते. हा टप्पा पुष्कळ घरांत निसटतो. परतल्यावर तिसऱ्या पहाटे चार वाजता त्यांची साखर ५८ होती. तीन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, तेव्हा ८४. उजाडताच डॉक्टरांना फोन करून मात्रा उतरवली. तोपर्यंत घरात रेंज येऊ लागली होती.

पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचे रुग्ण दिसू लागले. अनियंत्रित साखर आणि गरजेपेक्षा अधिक किंवा अकारण घेतलेले स्टेरॉइड, ही त्यामागची दोन प्रमुख कारणे होती. ओळखीतल्या एकांचा डोळा गेला. घरच्या घरी, कोणाच्या तरी सांगण्यावरून, ताप आला म्हणून पहिल्याच दिवसापासून स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारी माणसे तेव्हा आजूबाजूला होती. सासूबाईंना ती वेळ आली नाही. १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांचे लसीकरण सुरू झाले होते आणि पहिल्या पंधरवड्यातच त्यांनी दापोलीला जाऊन लस घेतली.

आजारपणात काय करायचे, हे आता आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून लावले आहे: जेवण गेले नाही तरी इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचे नाही, दर चार तासांनी साखर पाहायची, पेज, ताक, पाणी थोडे थोडे चालू ठेवायचे, उलट्या-जुलाब झाले तर कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या ते डॉक्टरांना त्याच दिवशी विचारायचे, साखर वारंवार ३०० च्या वर, धाप किंवा गुंगी असेल तर घरी थांबायचे नाही. खाली दोन फोन क्रमांक आणि रिक्षावाल्याचा तिसरा.

आगरात २०२० च्या पावसाळ्यातच दिरांनी नवी पोफळ लावली. मधल्या काळात तिथे सावली नव्हती, म्हणून सासूबाईंच्या फेऱ्या ऊन चढण्याआधी होत. गेल्या वर्षी त्यातल्या काही झाडांना पहिली पोय आली. सासूबाई आता ८३ वर्षांच्या आहेत. फेऱ्या वीसाच्या आठ झाल्या आहेत, हातात काठी असते, पायात चप्पल असते, आणि पाटावरची फळी ओलांडताना जाऊबाईंचा हात धरावा लागतो. विहिरीतली खुंटी तशीच आहे. जून जवळ आला, की दीर दोरी उतरवून तपासतात आणि कुजली असेल तर बदलतात.